स्टुडिओत उरलेल्या मालातून टिकाऊ काम होतं का? (वाळलेले रंग, कॅनव्हासच्या पट्ट्या, कागदाच्या कडा)

रंगखोर
पॅलेटवर वाळलेले अ‍ॅक्रेलिकचे थर, कॅनव्हास ताणल्यावर कापलेल्या पट्ट्या, वॉटरकलरच्या कागदाच्या कडा, सगळं साठलंय आणि टाकवत नाही. यातून मोठं कोलाज करायचंय, टाइमपास म्हणून नाही, भिंतीवर वर्षानुवर्षं टिकेल असं. चिकटवायचं कशाने? ऑइलचे खरवडलेले गोळेपण डबाभर आहेत, ते चालतील का यात?

पापुद्रा
अ‍ॅक्रेलिकचे थर अजिबात टाकू नका! वाळलं की ते प्लास्टिकच असतं, पाण्यात विरघळत नाही. काचेच्या पॅलेटवरून काढायचं तर कोमट पाणी घालून जरा वेळ ठेवा, कोपरा नखाने उचला आणि हळूहळू सोलत जा, अख्खा पापुद्रा निघतो. तो उलटा करून बघाच, काचेला टेकलेली बाजू चकचकीत गुळगुळीत निघते आणि सगळ्यात आधी लावलेला रंग तिथे समोर येतो, ब्रशने असं कधीच जमणार नाही. चिकटवायला जेल मीडियम (रंग न घातलेली घट्ट पेस्ट) घ्या, तेही अ‍ॅक्रेलिकच असल्यामुळे एकजीव होतं. फक्त पापुद्रे एकावर एक रचून ठेवू नका, उन्हाळ्यात असे चिकटतात की सुटत नाहीत, मध्ये बेकिंगचा कागद घाला.

जवसतेल
ऑइलचे गोळे यात नकोच. ऑइलवर अ‍ॅक्रेलिक धरत नाही, आज बसल्यासारखं वाटलं तरी पुढे सुटतं. शिवाय गोळा वरून कडक वाटतो पण आत महिनोन्‌महिने ओला असतो. मऊ असतील ते सगळे एकत्र घोटा, छान राखाडी मिळतो, पुढच्या ऑइलच्या चित्राला खालचा थर द्यायला तो वापरा. कडक झालेले घासून त्यांची पूड करू नका प्लीज, कॅडमियम किंवा शिशाचे रंग असतील तर ती धूळ फुफ्फुसात जाते.
आणि विषय निघालाच आहे तर, ऑइल रंग पुसलेल्या तेलाच्या चिंध्या साठवत असाल तर आजच बघा. ऑइल रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते, चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती आतच कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. बाहेर एकेक पसरून वाळवा नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

कात्रण
कागदाबद्दल मी सांगते. कडा कॉटनच्या कागदाच्या असतील तर निर्धास्त वापरा. वर्तमानपत्र मात्र टाळा, लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागद पिवळा पाडतं, पिकासोने 1912 मध्ये चित्रांत चिकटवलेली कात्रणंसुद्धा तपकिरी पडलीत. कडांवर वॉटरकलर लागलेला असेल तर ओल्या मीडियमने तो परत सुटून पसरतो, म्हणून आधी फिक्सेटिव्हचा (रंग धरून ठेवणाऱ्या स्प्रेचा) हलका फवारा मारा, वाळू द्या, मग चिकटवा.

रंगखोर
खूप खूप थँक्यू सगळ्यांना, चिंध्या आत्ताच बाहेर पसरल्या! मोठ्या कॅनव्हासवरच चिकटवू ना सगळं?

पापुद्रा
कॅनव्हास नको, वजनाने झोळ पडेल आणि वाकला की कडा सुटतील. प्लायवूड घ्या, दोन्ही बाजूंनी मीडियमचा हात मारा, वर जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर). कॅनव्हासच्या पट्ट्या पहिल्या बसवा, त्या सगळ्यात जाड आहेत, वरून रात्रभर वजन ठेवा. पापुद्रे शेवटी.