शोरूमला सेल्समन हवा की नुसता बोलबच्चन?

पेठेतला मामा
भाच्याला नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये सेल्सच्या मुलाखतीला बोलावलं होतं. पोरानं जागून तयारी केली. इन्व्हर्टर एसी म्हणजे काय, एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढणं, स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट कुठे बघायचे, सगळं तोंडपाठ. त्यातलं अक्षर विचारलं नाही. विचारलं हे : "गिऱ्हाईक १८ हजारांचा फ्रिज घ्यायला आलंय. तू काय करशील?" हा म्हणाला, घरात माणसं किती ते विचारीन. साहेब म्हणाले, "माणसं मोजायची तर जनगणनेत जा. इथे २६ हजारांचा विकायचाय." मग नेहमीचं "कळवतो". अजून कळवताहेत.

ज्याला वस्तूतलं कळतं त्याला घरी बसवायचं आणि जो चुरूचुरू बोलतो त्याला टी-शर्ट चढवायचा, ही कुठली रीत?

फ्लोअरवरचा
मी स्वतः मुलाखती घेतो, म्हणून बोलतो. त्या साहेबांची भाषा वाईट, प्रश्न वाईट नाही. टन आणि स्टार आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतो. दिवाळीच्या गर्दीत दिवसभर उभं राहून चाळिसाव्या माणसाशीही पहिल्यासारखं बोलणं शिकवता येत नाही, ते मुलाखतीतच हुडकावं लागतं. आणि भाच्याचा प्रश्न बरोबरच होता, पण तो तिथेच का थांबला? "पाच माणसं? मग हा १९० लिटरचा पुरायचा नाही, पाहुणे आले की भाजी बाहेर राहील. डबल डोअर बघता का?" झाला २६ हजारांचा फ्रिज, तोही खोटं न बोलता. ज्ञान असून ते तोंडातून निघत नसेल तर काउंटरवर त्याचं लोणचं घालायचं का?

उंड्रीकरीण
फ्लोअरवाले दादा, तुमच्या त्या ट्रेनिंगचा अनुभव आहे बरं का. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर. वॉशिंग मशीन घ्यायला गेले तर मुलगा वायफाय आणि ॲप दाखवत बसला. पाणी जड आहे का, प्रेशर किती, एका शब्दानं विचारलं नाही. हीटरवर क्षार चढले ते आम्ही नंतर निस्तरलं. एसीचंही तेच. १ जुलै २०२२ पासून स्टारचे निकष कडक झाले, आधीचा पाच स्टार नव्या हिशेबात चार ठरला. तेव्हा जुना स्टॉक "पाच म्हणजे पाच" म्हणून दाखवत होते. मी लेबलवरचा वैधतेचा काळ वाचून दाखवला तर म्हणे "मॅडम, कंपनीचं स्टिकर आहे". अशांना मुलाखतीत एक लेबल हातात द्या आणि वाचायला सांगा. पाच मिनिटांत निकाल लागेल.

डेक्कनचा बेरका
मामा, गिऱ्हाईकही काही संत नाही. तासभर टीव्ही बघायचा, मुलाकडून पॅनलमधला फरक समजून घ्यायचा आणि पार्किंगमध्ये जाऊन मोबाईलवरून मागवायचा. हे आपण सगळेच करतो. माझ्या मते मुलाखतीतला खरा प्रश्न एकच : "ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त आहे, असं म्हणाले तर?" जो गडबडला तो गेला. ज्यानं जुन्या टीव्हीचा एक्स्चेंज, बँकेचा कॅशबॅक आणि उद्या सकाळी भिंतीवर बसवून मिळणार, हे ओळीनं मांडलं, त्याला घ्या.

माजी प्रमोटर
सगळे दुकानदाराच्या बाजूनंच बोलताय. मुलाखत दोन्हीकडून असते. भाच्यानं विचारायला हवं : मी रोलवर कोणाच्या? दुकानाच्या, कंपनीच्या की एजन्सीच्या? अंगात टी-शर्ट ब्रँडचा, उभं दुकानात आणि पगार तिसऱ्याच एजन्सीकडून, असे निम्मे असतात. मी त्यातलाच होतो. पगार अडकला की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. फिक्स किती, इन्सेन्टिव्ह कशावर, एक्स्टेंडेड म्हणजे पैसे भरून वाढवायच्या वॉरंटीचं वेगळं टार्गेट आहे का, हेही तिथेच विचारायचं. आणि बसायला स्टूल मिळतं का? हसू नका. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय हवी म्हणून केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आमच्या टाचांना विचारा.

फ्लोअरवरचा
स्टूलचं मान्य. पण पहिल्याच मुलाखतीत एवढं विचारणाऱ्याला कोण घेईल?

माजी प्रमोटर
जो घेणार नाही, त्याच्याकडे जायचंच कशाला?

उंड्रीकरीण
वॉरंटीवरून आठवलं. "घेतलीच पाहिजे, नाहीतर सर्व्हिस मिळत नाही" असं मला सांगितलं होतं. कंपनीची मूळ वॉरंटी असतेच की! वॉरंटीबद्दल खोटं सांगून माल विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुलाखतीत हेही विचारा.

पेठेतला मामा
ताजी खबर. भाचा काल तपकीर गल्लीतल्या एका जुन्या दुकानात जाऊन आला. म्हाताऱ्या मालकानं वायरचे तुकडे पुढ्यात टाकले आणि विचारलं, दीड टनाच्या एसीला यातली कुठली देशील? यानं उलट विचारलं, मीटरपासून खोली किती लांब? लगेच सोमवारपासून ये म्हणाले. पगार शोरूमपेक्षा कमी, एवढंच दुखणं.

फ्लोअरवरचा
असं उलट विचारणारा पोरगा गल्लीत कशाला अडकवता? दसऱ्याआधी आमच्याकडे भरती आहे, पाठवा. फक्त शनिवार-रविवार सुट्टी मागायची नाही.

पेठेतला मामा
आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचं टार्गेट?

फ्लोअरवरचा
ते आल्यावर बोलू.