सभेत निर्णय कसा व्हावा : सर्वसहमतीने की बहुमताने?
(‘रानवाट’, ‘दुसरा मजला’ आणि ‘हिशेबवही’ या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

रानवाट
गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव ग्रामसभेत हात मोजत नाही, निर्णय सर्वसहमतीने घेतं. याच वाटेने गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला.
माझं ठाम मत आहे की ठराव सगळ्यांनाच पाळायचा असेल, तर बहुमत घातक ठरतं. चाळीस घरांनी चराईबंदी पाळली आणि पाच घरांनी गुरं सोडली, तर कोवळे कोंब गेलेच म्हणून समजा. हरलेला गट सभेत गप्प बसतो आणि ठराव मोडतो रानात.

दुसरा मजला
अजिबात पटत नाही. ६० सदनिकांच्या इमारतीत खांबाचं प्लास्टर सुटून गंजकी सळई दिसते आहे. एक सभासद अडून बसला म्हणून ५९ घरांनी अजून किती पावसाळे काढायचे? पुनर्विकासासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये ५१ टक्के संमती पुरेशी ठरवली, ती याचसाठी. सर्वसहमती म्हणजे ज्याला काहीच बदलायला नको, त्याच्या हाती दिलेली किल्ली.
आणि गप्प बसणं म्हणजे होकार, हे कुणी ठरवलं? भर सभेत सासऱ्यासमोर सून ‘नाही’ म्हणेल का?

रानवाट
सुनेचा मुद्दा मान्य. पण मेंढा गावाची खरी ताकद सभेच्या आधी आहे, अभ्यास गटात. तिथे विषय नुसता समजून घ्यायचा, निर्णय घ्यायचा नाही. बाहेरचा जाणकारही येऊन बसतो. तुमच्या सोसायटीत वीस पानी प्रस्ताव सभेच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसत असेल, तर माणूस अडणारच. आणि नुसतं ‘नाही’ चालवून घेऊ नये. काय बदललं तर ‘हो’ म्हणाल, हे विचारून इतिवृत्तात लिहावं.

हिशेबवही
बचत गटाचं उदाहरण घ्या. दहा-वीस जणी, विषय कर्ज किती द्यायचं. अध्यक्षा आधीच ‘वीस हजार देऊन टाकू’ म्हणाल्या की सगळ्यांचे आकडे तिकडेच सरकतात. म्हणून आधी प्रत्येकीने चिठ्ठीवर आकडा लिहायचा, नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. ५,००० आणि २०,००० अशी दोन टोकं आली, तर दोन्हींच्या बाजूने कारणं काढायची: आधीचे हप्ते थकलेत का, पैसा शेळीसाठी की दवाखान्यासाठी? मग दुसरी चिठ्ठी. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. सुनेचा प्रश्नही यात बराच सुटतो.

दुसरा मजला
चिठ्ठी मान्य, पण दुसऱ्या चिठ्ठीनंतरही जुळलं नाही तर? वनहक्काच्या नियमांतही २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते, त्यात किमान एक तृतीयांश महिला, आणि ठराव साध्या बहुमताने होतो. शेवट कुठेतरी लागतोच ना? मी म्हणतो, दोन सभा चर्चा, तिसरीत मतदान.

रानवाट
कायदा किमान काय हवं ते सांगतो, त्याहून जास्त करायला कुणाची मनाई नाही. गळक्या टाकीला तुमच्या तीन सभाही जास्तच, तिथे समितीने त्याच दिवशी खर्च करावा. जंगलतोडीला मात्र त्या कमी पडतील, कारण तोडलेलं झाड पुढच्या सभेत परत उभं करता येत नाही. जिथे चूक मागे घेता येते, तिथे तीन महिन्यांपुरता ठराव करा, फेरविचाराची तारीख आत्ताच लिहा. अडलेला माणूसही ‘तीन महिने बघू’ला सहसा तयार होतो.

दुसरा मजला
आणि इमारत पाडायची असेल तर? तीही परत उभी राहत नाही. तरी ५१ टक्क्यांवरच मी ठाम आहे, कारण तिथे थांबणंसुद्धा मागे घेता येत नाही.