उत्तर: दुसऱ्याची टाइमशेअर मेंबरशिप घ्यावी का?

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा, काही वर्षांसाठी आधीच विकत घेतलेला हक्क. तो दुसऱ्याकडून घेताना 'मूळ किमतीच्या निम्म्यात मिळतेय, मग घ्यायला काय हरकत' असं म्हणतात, ते मला पटत नाही. खरा बोजा वार्षिक शुल्काचा असतो. समजा १० वर्षं उरलीत, सौदा १ लाखाला आणि वार्षिक शुल्क २०,०००. त्यावर १८% जीएसटी धरला की २३,६०० होतात, त्यात सौद्याचे वर्षाला १०,००० मिळवा, म्हणजे ३३,६००. वर्षाला ७ रात्री मिळत असतील तर रात्रीला ४,८०० पडले, तेही जेवण आणि मेंबरशिप नावावर करायची ट्रान्सफर फी सोडून. शिवाय शुल्क वाढत जातं, आणि गेला नाहीत तरी भरावंच लागतं. त्याच खोलीचा लोणावळा-महाबळेश्वरचा थेट दर बघूनच बोलणी करा.

दुसरा मुद्दा सीझनचा, म्हणजे वर्षातल्या कोणत्या काळात बुकिंग करता येतं याचा. मुंबईत शाळकरी मुलं असलेल्या घराला सुट्टी मिळते मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. मेंबरशिप खालच्या, म्हणजे कमी गर्दीच्या सीझनची असेल तर नेमक्या त्याच तारखा सहसा मिळत नाहीत, मग स्वस्त असून उपयोग शून्य. विकणाऱ्याला तुमच्यासमोर लॉगिन करून पुढच्या मे महिन्याची उपलब्धता दाखवायला सांगा, थकबाकी आणि शिल्लक रात्रीही तिथेच बघा. न वापरता साठवलेल्या रात्री आणि एक्स्चेंजची (आपल्या रात्री दुसरीकडच्या रिसॉर्टशी बदलून घेण्याची) सोय नव्या मालकाकडे येते का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं आश्वासन धरू नका. पूर्ण रक्कम ट्रान्सफरचं पत्र तुमच्या नावावर आल्यावरच द्या.