तुमच्याकडे जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला) प्लास्टर कोण शिकवतं?

स्लॅब_आणि_चहा
सरकारी मेडिकल कॉलेजात ऑर्थोला (हाडांच्या विभागात) असिस्टंट प्रोफेसर आहे, कुठलं ते विचारू नका कारण आमची पोरं पण इथे वाचत असतात. परवा इमर्जन्सीनंतरच्या सकाळच्या राउंडला एक साठीच्या आजी, बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलेलं, रात्री जेआर वनने रिडक्शन करून (हाड ओढून जागेवर बसवून) प्लास्टर घातलेलं. लांबून बघितलं तर एकदम गुळगुळीत, फोटो काढून ठेवावा असं. जवळ गेलो तर प्लास्टर पार बोटांच्या पेरांपर्यंत पुढे आणलेलं, आजींना मूठ वळवता येईना, आणि आतून एवढं ढिलं की माझं बोट सहज आत जात होतं. एक्सरेत तुकडा परत मागे कलंडलेला. म्हटलं बाळा मोल्डिंग (हाड जागेवर राहावं म्हणून दाबून दिलेला आकार) कुठंय यात, तर म्हणतो "सर, उद्या प्लेटला घेऊया ना हिला."

म्हणजे प्लास्टर ही त्याच्या दृष्टीने ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतची वेटिंग रूम.

मी २०१० ला एमएसला लागलो तेव्हा आम्हाला हे प्रोफेसरांनी नाही, प्लास्टर रूमच्या मामांनी शिकवलं. बादलीत रोल सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही, मग दोन्ही टोकं धरून आतल्या बाजूला दाबायचा, धुणं पिळल्यासारखा पिळायचा नाही. पाणी कोमट घेतलं तर लवकर सेट होतं, म्हणून नवख्याला मामा गारच पाणी द्यायचे. आणि ओल्या प्लास्टरवर बोटं टेकवली की मनगटावर टपली, कारण बोटाचा खळगा आत राहतो आणि तिथेच पुढे जखम होते. तळहात वापर, तळहात! मामा रिटायर झाले, जागा काही भरली नाही. लॉगबुकात (केलेल्या कामाच्या वहीत) पोरं प्लेटा नि नेल, म्हणजे ऑपरेशनंच, लिहून आणतात, सहीसाठी प्लास्टर लिहिलेलं मी गेल्या दोन वर्षांत एकदाही बघितलं नाहीये. तुमच्याकडे काय पद्धत आहे? खरंच विचारतोय.

थर्ड_इयरचा_वैतागलेला
सर रागावू नका पण त्या जेआर वनची बाजू कोणीतरी घ्यायला पाहिजे. रात्री कॅज्युअल्टीत ट्रॉली तोच ओढतो, एक्सरेला तोच नेतो, रक्ताची बाटली आणायला तोच पळतो आणि मधल्या वेळात जनआरोग्य योजनेचे प्रीऑथचे (उपचाराआधीच्या मंजुरीचे) कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स, एक्सरे अपलोड, रिजेक्ट झालं की परत अपलोड. १९९२ पासून नियम आहे म्हणे की रेसिडेंटला एका वेळी १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ड्युटी, आम्ही ते ४८ तास सोमवारी सकाळी चालू करून बुधवारी सकाळी संपवतो, पुढचे दिवस बोनस. त्याला शिकवणार कोण तर जेआर टू, जो स्वतः मागच्या वर्षी जेआर वन होता आणि ज्याला पण कोणी शिकवलेलं नाही. असं ते खाली खाली येतं. प्लास्टर परीक्षेत कोणी घालायला लावत नाही, आणि घरी गेलं की वडील पण पहिलं हेच विचारतात की किती ऑपरेशनं केलीस.

मी प्लास्टर शिकलो ते डीआरपीत (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीत), तीन महिने जिल्हा रुग्णालयात होतो तेव्हा. तिथला सी-आर्म (ऑपरेशन करताना एक्सरे दाखवणारं मशीन) बंद, इम्प्लांट आज येईल उद्या येईल, मग करणार काय? तिथले सर एका मनगटाला पंधरा मिनिटं देत होते. आधी नुसतं ओढून धरायचं, घाई नाही, पेशंटशी शेतीपाण्याच्या गप्पा, मग हळूच वाकवून तीन ठिकाणी दाब देऊन प्लास्टर सेट होईपर्यंत तसंच धरून बसायचं. पहिल्या वेळी माझे हात थरथरायला लागले एवढे दुखले. सेट व्हायच्या आधी सोडलं की सगळं पाण्यात.

तालुक्याचा_हाडवाला
गेली बरीच वर्षं तालुक्याला प्रॅक्टिस करतोय. इथे येणारे निम्मे लोक आधी हाडवैद्याकडे जाऊन बांबूच्या पट्ट्या बांधून आलेले असतात आणि पहिला प्रश्न "ऑपरेशनशिवाय होईल का डॉक्टर?" प्लास्टर नीट येत नसेल तर या लोकांना मी काय उत्तर देणार, यांना प्लेट परवडत नाही आणि मोठं शहर शंभर किलोमीटर लांब.

पण सर एक सांगतो, घालायला शिकवताय ते ठीक, कापायला कधी शिकवणार? माझा स्वतःचा किस्सा, नवीन होतो. सहा-सात वर्षांचं पोरगं झाडावरून पडलेलं, कोपराच्या वरचं हाड. रिडक्शन मस्त झालं, मी खूष. रात्री अकराला आईचा फोन, पोरगं रडतंय. मी फोनवरच दुखण्याचं औषध सांगितलं. एकला परत फोन. तेव्हा पण मी जरा कुरकुरलोच, पण गेलो. बोटं सुजलेली, आणि नुसतं सरळ करायला गेलं की किंचाळत होतं. कॉटनसकट पार कातडीपर्यंत सगळं मोकळं केलं, कोपर थोडं सैल सोडलं. दहा मिनिटांत पोरगं आईच्या मांडीवर झोपलं. मी मात्र सकाळपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून दर अर्ध्या तासाने त्याची नाडी बघत होतो. अजून दोन-चार तास उशीर झाला असता तर त्या हाताचं काय झालं असतं हे इथल्या ऑर्थोवाल्यांना सांगायला नको. नुसतं प्लास्टर कापलं आणि आतली कॉटन तशीच ठेवली तर उपयोग नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं, वाचलेलं होतं एवढंच.

मिरज_टू_मँचेस्टर
एमएस तिकडेच केलं, आता इकडे इंग्लंडात आहे. इकडे ट्रेनीला सहा वर्षांत १८०० ऑपरेशनं लॉगबुकात लागतात, तरी फ्रॅक्चर क्लिनिकच्या बाजूला प्लास्टर रूम असते आणि तिथल्या टेक्निशियनपुढे कन्सल्टंट पण जपून बोलतो. स्लॅब_आणि_चहा, तुमच्या त्या पोराला २०२२ चा ड्राफ्ट-टू ट्रायल वाचायला द्या. ३६ हॉस्पिटलं, ५०० पेशंट, सगळी रिडक्शन करावी लागलेली मनगटं, अर्ध्यांना ऑपरेशन करून वायर (हाडात घातलेल्या तारा) आणि अर्ध्यांना नीट मोल्ड केलेलं प्लास्टर. वर्षानंतर हाताच्या कामात फरक नाही. हां, प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्क्यांचं पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं, म्हणून दर आठवड्याला एक्सरे बघणं आलंच. पण यात सगळा भार "नीट मोल्ड केलेलं" या शब्दांवर आहे. तुमच्या आजींचं घातलं होतं तसलं प्लास्टर घालून ट्रायल केला असता तर निकाल काय आला असता देव जाणे 😄

ओटी_सिस्टर_ताई
डॉक्टर लोक एवढं लांबलचक लिहिताय, सोपं सांगते. नवीन बॅच आली की प्रत्येकाला एक रात्र प्लास्टर घालून झोपवा. आमच्या जुन्या युनिटला एक मॅडम होत्या त्या करायच्या. दुसऱ्या दिवशीपासून पोरं पेशंटला स्वतःहून विचारायला लागायची की टोचतंय का कुठे. आणि तुमच्या मामांना फोन करा ना, रिटायर झालेत, परदेशात नाही गेलेत.

स्लॅब_आणि_चहा
सगळ्यांना थँक्यू. सिस्टर तुमचं ऐकलं. मामांना फोन केला, म्हणाले शुक्रवारी बाजाराला येतोच आहे. आले, आल्या आल्या बादलीतलं पाणी बघून म्हणाले हे कोणी गरम केलं. सहा जेआर वन, एकमेकांना प्लास्टर घातली. त्यातल्या एकीने दुसऱ्याचं एवढं घट्ट घातलं की तासाभरात तोच कात्री मागायला आला, मामांनी त्याला तिच्याचकडे पाठवलं. बाकीचे रात्री मेसमध्ये एका हाताने भाकरी मोडत बसले होते. त्या आजींचं मी परत रिडक्शन केलं, तो पोरगा हात धरून होता, मध्ये दोनदा विचारलं सर सोडू का, म्हटलं नाही. या आठवड्याचा एक्सरे जागेवर आहे, पुढच्याची धाकधूक आहेच. थर्ड इयर, तुझ्या प्रीऑथवर माझ्याकडे उत्तर नाही रे, डेटा एंट्रीचा माणूस मागितलाय, फाइल फिरतेय.

साधा_माणूस_७७
सर मी डॉक्टर नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आईच्या हाताला तीन दिवसांपूर्वी प्लास्टर घातलंय, आत भयंकर खाज सुटते, ती पट्टी घालून खाजवते. चालेल का?

स्लॅब_आणि_चहा
अजिबात नाही. पट्टी, विणायची सुई, पेन, काही नाही, आत खरवडलं गेलं की दिसत पण नाही. गार हवेचा ड्रायर मारा कडेने. बोटं हलतात का? सुज, मुंग्या, किंवा बोटं सरळ करताना जोरात दुखतंय असं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, आत्ता घेऊन जा.

साधा_माणूस_७७
बोटं हलतात. पट्टी काढून घेतली तिच्याकडून, आता माझ्यावर चिडलीये.