अनुभव धागा: शांत उपनगरातलं घर चालवताना

बदलापूर, वांगणी, तळेगाव, वसई या बाजूला घर बघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "शांत आहे ना?" शांतता असतेच. पण वस्ती विरळ म्हटली की पाण्याची लाइन, गटार, रस्त्यावरचे दिवे, रात्रीची रिक्षा हे सगळं मागाहून येतं, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. तोवर घर कसं चालवायचं, ते जाणकारांनी लिहावं. हवा छान आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मापं, आकडे, काय बिघडतं आणि का, हे हवं आहे.

बदलापूर पश्चिम, सोसायटीचं पाणी बघणारे

टँकरचा हिशेब आधी पक्का करा. माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. बारा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 6,480 लिटर. 10,000 लिटरचा टँकर जेमतेम दीड दिवस पुरतो.

टँकरवर लिहिलेला आकडा आणि टाकीत पडलेलं पाणी एकच असेल असं नाही. मोजायची रीत सोपी आहे. जमिनीखालची टाकी आतून 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद असेल तर पाणी 1 सेंटीमीटर चढलं की 60 लिटर आलं. 10,000 लिटरला ते 167 सेंटीमीटर चढायला हवं. टाकीत एका काठीवर खुणा करून ठेवा, टँकर लागण्याआधी आणि नंतर बघा. मोजताना वरच्या टाकीची मोटर बंद हवी, नाहीतर हिशेब चुकतो आणि चालकाशी उगाच वाद होतो. टाकीत तेवढी रिकामी जागा नसेल तर उरलेलं पाणी परत जातं आणि पावती मात्र पूर्ण टँकरची फाटते, म्हणून टँकर मागवण्याची वेळ टाकी बघून ठरवा.

पाणी पडल्यावर लगेच मोटर लावू नका. तळाचा गाळ ढवळलेला असतो, तो थेट वरच्या टाकीत आणि तिथून नळांत जातो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं किंवा विहिरीचं, म्हणजे जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो, शेवटी कॉइल जळते. वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करून घेतली की ती बरीच टिकते.

पावसाचं पाणी फुकट जाऊ देऊ नका, गाळून बोअरमध्ये मुरवा. 100 चौरस मीटर गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1,000 लिटर होतात, गळती-उडती वजा जाता 800 धरा. हंगामातल्या पहिल्या सरींचं पाणी गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं. ते बाहेर सोडायला पाइपला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. तो नसला की बोअरजवळचा वाळू-खडीचा गाळणखड्डा दोन पावसाळ्यांत गच्च होतो, आणि मग लोक योजनेलाच नावं ठेवतात.

तळेगाव दाभाडे, विजेची कामं करणारे

पुणे परिसरात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी. वळवाच्या पावसात तारांवर फांदी पडली तर वाराचं बंधन नाही, आणि लाइन लांबून आलेली असल्याने दोष सापडायलाच वेळ लागतो.

150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॉट-तास. इन्व्हर्टरमधली तूट आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही हा नियम धरला तर हाताला साधारण 1,150 लागतात. जुने 75 वॉटचे तीन पंखे, 9 वॉटचे चार दिवे आणि राउटर मिळून 270 वॉटच्या आसपास, म्हणजे चार तास. तेच पंखे 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) घेतले तर लोड निम्म्यावर येतो आणि वेळ आठ तासांवर जातो. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हे माझं ठाम मत आहे.

बॅटरी मरते ती पाणी कमी झाल्याने. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी पातळी बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा फिल्टरचं नको. बॅटरी बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, त्याला वाट हवी.

वांगणी

नदीकाठची शांत जागा बघत असाल तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीने काय केलं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. एजंट फेब्रुवारीत जागा दाखवतो तेव्हा तिथे गुरं चरत असतात. जवळच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. इमारतीत मीटरची पेटी आणि लिफ्टचं पॅनल त्या खुणेच्या वर आहे ना, तेवढं नक्की बघा. खाली असेल तर पूर ओसरल्यावरही कित्येक दिवस वीज नसते.

वसई, गावाकडची बाजू

गटार नाही तिथे सेप्टिक टँक आला. तो भरण्यापेक्षा जास्त त्रास शोषखड्ड्याचा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खड्डा काही शोषतच नाही, आणि संडासाचं पाणी भांड्यात उलटं चढतं. टाकी उपसूनही फरक पडत नाही, चार दिवसांत पुन्हा भरते. म्हणून उपसा मे महिन्यात करून घ्या, झाकणाच्या कडा सिमेंटने बंद करा आणि पागोळ्यांचं पाणी टाकीकडे वळणार नाही असं बघा. अ‍ॅसिड आणि फिनाइल सारखं ओतलं तर टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते. सर्वांत महत्त्वाचं: माणसाला टाकीत उतरवू नका, कोणी "दोन मिनिटांचं काम" म्हटलं तरी. विषारी वायूने श्वास दोनच मिनिटांत जातो. 2013 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. सक्शनची गाडीच बोलवा.

कर्जत, सर्पमित्र

साप घरात येतो तो उंदरामागे. विटा, फरशा, सरपण भिंतीला टेकवून ठेवलं की उंदरांची सोय होते. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी लावा, रात्री अंगणात बॅटरी घेतल्याशिवाय जाऊ नका.

नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे चार ओळखायला शिका. सर्वांत जास्त घोळ होतो तो मण्यार आणि बिनविषारी कवड्यामध्ये. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडे फिके होतात. मण्यारचे डोक्याकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक. पण ही ओळख लांबून करायची. खात्री नसेल तर विषारीच समजा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा फारसा दुखत नाही, त्यामुळे पहाटे पोटात दुखून पापण्या जड होईपर्यंत कळत नाही. खाट वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

चावल्यास आवळपट्टी नको, चिरा नको. अंगठी-बांगडी काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा. प्रतिविष कुठल्या रुग्णालयात असतं हे घर घेतानाच विचारून ठेवा. नुसता साप दिसला तर वनविभागाचा 1926.

डोंबिवली, आवाजाच्या तक्रारी हाताळणारे

शांत भागात आवाज लांब जातो. रहिवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45. खरा त्रास लग्नाच्या लॉन्सचा. उघड्या मैदानावरचा बेस भिंतीतून येतो, खिडकी लावून थांबत नाही. तरी सरकत्या खिडकीपेक्षा रबर गॅस्केटची बिजागरीवाली खिडकी बरीच बरी, कारण सरकत्या खिडकीच्या फटीच आवाज आत घेतात. हंगामाआधी लॉनच्या व्यवस्थापकाला भेटून स्पीकरची तोंडं वस्तीच्या विरुद्ध दिशेला वळवून घ्या, तो साधा बदल खूप कामाचा ठरतो. दहानंतर चालू असेल तर 112 वर पोलिसांना फोन करा. फोनवरच्या अ‍ॅपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, पण तारीख-वेळेची नोंद टिकते. दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का घ्या.

पिंपरी, नगररचनेतले

एक राहिलंच. समोरचं हिरवं शेत कायम राहील असं धरू नका. विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. बाल्कनीसमोरून 18 मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता आखलेला असू शकतो. तो कागदावर असेपर्यंत कुणी सांगत नाही, आणि झाल्यावर ट्रक तिथूनच जातात. भोगवटा प्रमाणपत्रही त्याच फेरीत मागा. ते नसेल तर नळजोडणी अडते आणि वर बदलापूरच्या मंडळींनी लिहिलेला टँकर तुमच्याच नशिबी येतो.