अनुभव धागा : धूपगड, चौरागड, नागद्वारी – पचमढीच्या माथ्यांवरून काय दिसलं?

सावनेरकर

नागपूरकडच्या घरांत पचमढीचा विषय निघाला की दोन पिढ्या दोन वेगळ्या गावांबद्दल बोलतात. आजी 'महादेवाला' गेलेली असते, नातू 'हिल स्टेशनला'. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी, त्यामुळे साहेबांच्या मागोमाग कारकुनांचीही तिकडे ये-जा होती. पण विदर्भातली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून त्या डोंगरांत अनवाणी जात आलीत.

तर लिहा. कुठल्या माथ्यावर गेलात, कसे गेलात आणि तिथून नेमकं काय दिसलं? हॉटेलं आणि जेवणाची बिलं नकोत, त्याचे धागे ढिगाने आहेत.

सुरुवात मी करतो. धूपगड, 1352 मीटर, सातपुड्याचा आणि अख्ख्या मध्य प्रदेशाचा सर्वांत उंच माथा. चढायचं काहीच नाही, जिप्सी थेट वर नेते. (ट्रेकर मंडळींनी नाक मुरडलं तरी चालेल.) सूर्यास्ताला झाडून सगळे पश्चिमेच्या कट्ट्यावर मोबाइल उंचावून उभे असतात. माझं ऐका, शेवटची दहा मिनिटं उरली की त्यांच्याकडे पाठ करा आणि पूर्वेच्या अंगाला चला. मावळतीचं ऊन महादेव-चौरागडच्या कड्यांवर पडतं, खडक आधी पिवळा, मग तांबूस होतो आणि खालच्या दऱ्या त्याआधीच काळ्या झालेल्या असतात. त्या बाजूला तेव्हा चिटपाखरू नसतं.

घाटवाट

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पचमढीत पहिल्यांदा खटकतो तो खडक. आपल्याकडे काळा बसाल्ट, थरांवर थर, पायरीपायरीचे डोंगर. इथे वालुकाश्म. हात टेकला की तळव्याला वाळूचे कण लागतात. या खडकाला उभ्या भेगा आहेत, पाणी त्यांतच शिरतं आणि खाली खाली कोरत जातं. म्हणून सपाट रानातून चालता चालता पुढ्यात एकदम सरळसोट दरी येते. तिकडे तिला खोह म्हणतात. हांडी खोह सुमारे तीनशे फूट, आणि काठावर येईपर्यंत तिथे दरी आहे याचा पत्ताही लागत नाही.

आम्ही चौरागड केला. बडा महादेवच्या गुहेतल्या देवळापासून वाट सुरू होते, आधी जंगलातली पाऊलवाट आणि मग तेराशेच्या आसपास पायऱ्या. राजगडाच्या तुलनेत दम कमी लागतो असं मी बरोबरच्यांना सांगत होतो, तेवढ्यात साठीचे एक आजोबा खांद्यावर माणसाच्या उंचीचा लोखंडी त्रिशूळ घेऊन आमच्या पुढे निघून गेले. मग मी तुलना बंद केली.

वर देवळाभोवती त्रिशूळच त्रिशूळ. नवस फेडायला आणलेले, हजारोंनी, गंजलेले, नवे, वीतभर, पुरुषभर. त्यांच्या रांगांमधून पलीकडे पाहिलं की दक्षिणेला जंगलाच्या घड्या एकामागे एक फिकट होत जातात. एकही टॉवर नाही, एकही गाव चटकन नजरेत भरत नाही. सह्याद्रीतल्या माथ्यांवर हे सुख आता फार थोड्या ठिकाणी राहिलंय.

वऱ्हाडी गडी

पॉइंट-बिइंट आपल्याले समजत नाई बाप्पा. आमी नागद्वारीवाले, नागदेवाच्या यात्रेचे. नागपंचमीच्या आंगेमांगे धा-बारा दिवस जंगलखातं वाट खुली करते. बाकी वर्षभर तिकडं पाय ठेवता येत नाई, वाघाचं जंगल हाये ते.

धूपगडच्या रस्त्यावर गाडी सोडली का मंग सारं पायीच. पाऊस अंगावर, खाली चिखल, डोंगर उतरा, नाला वलांडा, पुन्हा डोंगर चढा. काजळी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार असे एकेक ठिकाण घेत जा लागते. काजळीची गोष्ट आमच्या आजीनं सांगतली : लेकरू व्हावं म्हून एका बाईनं नागदेवाच्या डोयात काजळ घालाचा नवस केला होता. आजबी बाया काजळाची डबी घेऊन येतात.

कड्यावर लोखंडी शिड्या हायेत. वल्या. वरचा माणूस 'एक नमन गौरा पार्वती' म्हणते, खालचा 'हर बोला हर हर महादेव' म्हणते. भक्ती तर हायेच, पण धुक्यात वरचा किती दूर गेला आन् आपण शिडीवर पाय कवा ठेवाचा, हे त्या आवाजावरूनच समजते. आवाज थांबला का सारी रांग थांबते.

तुमी 'काय दिसलं' म्हून इचारता. खरं सांगू का, बराच वेळ समोरच्या माणसाच्या टाचा दिसतात. मंग एकदम वारं येते, धुकं फाटते आन् समोरच्या अख्ख्या डोंगरावर पांढऱ्या रेघा, जिथं पाहाल तिथं धबधबे. बोट दाखवून शेजाऱ्याले सांगेपर्यंत पुन्हा बंद. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे तंबू रायतात, फुकट चहा, फुकट वरण-भात. त्या वल्या तंबूतल्या गरम वरणाची चव घरी येत नाई, बायकोले सांगू नका.

मंदा काकू

माझे दोन्ही गुडघे बदललेले. तेव्हा चौरागड, नागद्वारी हे सगळं मी तुमच्याच डोळ्यांनी पाहिलं, आणि वऱ्हाडी दादा, तुमचं मी मोठ्याने वाचून ह्यांना ऐकवलं.

माझ्यासारख्यांसाठी सांगते. जंगलातल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही, परवानगी काढून जिप्सी करावी लागते. चालकाला सकाळीच आपला क्रम ठासून सांगायचा, नाहीतर तो त्याच्या सोयीने फिरवतो. आम्ही प्रियदर्शिनी पॉइंट पहिला घेतला. इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्सिथने हे पठार पहिल्यांदा पाहिलं ते इथूनच म्हणतात, म्हणून पूर्वी त्याचंच नाव होतं. 'शोध लावला' म्हणतात, पण गोंड आणि कोरकू आदिवासी तिथे आधीपासून राहतच होते! फार चालावं लागत नाही, कठडा आहे, चौरागड समोर दिसतो.

हांडी खोहला मात्र माझा जीव रमला. खाली काहीच दिसत नाही, नुसता झाडांचा शेंडा न् शेंडा आणि पाण्याचा आवाज. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली. एक शाळेची सहल येऊन आरोळ्या मारायला लागली तेव्हा त्या मोहोळांकडे बघून मी हळूच जिप्सीत जाऊन बसले. रजत प्रपात साडेतीनशे फुटांचा, पण तो लांबूनच पाहायचा. जमुना प्रपाताच्या पायऱ्या मी सोडून दिल्या.

नर्मदातीर

आम्ही जबलपूरचे मराठी, त्यामुळे आमची वाट उत्तरेची : पिपरिया स्टेशन, मटकुली, देनवा नदी आणि मग घाट.

पावसाळ्यानंतरचे फोटो सगळे टाकतात, म्हणून मी उन्हाळ्याची बाजू मांडतो. एप्रिलमध्ये धूपगडावर जा. साग पूर्ण ओका झालेला असतो, डोंगरच्या डोंगर राखाडी. साल वृक्षाला मात्र त्याच सुमारास नवी पालवी येते. या भागात साल वालुकाश्मावर धरतो आणि साग जास्त करून काळ्या खडकाच्या जमिनीवर. त्यामुळे घाटवाट म्हणतात तो खडक कुठे संपतो, ते त्या दिवसांत झाडांच्या रंगावरून वाचता येतं. एका वनरक्षकाने मला हे हाताने हवेत रेघ ओढून दाखवलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही.

शिवाय शेकरू. पानं विरळ असल्यामुळे फांद्यांवरून उड्या मारताना चांगली दिसते.

घाटवाट

@नर्मदातीर, हे भन्नाट आहे. आम्ही डिसेंबरात गेलो होतो, सगळं हिरवंच वाटलं होतं.

रिंगरोड

नागपूरहून छिंदवाडामार्गे जाणाऱ्यांनी तामियाला थांबा. तिथून वीसेक किलोमीटरवर पातालकोट : घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, हजार-बाराशे फूट खोल, आणि तळाशी भारिया आणि गोंड आदिवासींची गावं. वरच्या कठड्यावरून शेतांचे तुकडे आणि कौलं दिसतात. लोक 'इथे ऊनच पोचत नाही' वगैरे रंगवून सांगतात. मी दुपारी गेलो तेव्हा खाली लख्ख ऊन होतं आणि एक बाई मका वाळवत होती.

तापीकाठचा

पचमढी नाही, पण सातपुडाच, म्हणून घुसतो. आमच्या नंदुरबारकडे अस्तंभा, 1325 मीटर, म्हणजे तुमच्या धूपगडाहून थोडाच ठेंगणा. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. गुजरात, मध्य प्रदेशातूनही आदिवासी बांधव येतात, रात्रभर चालतात. अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत इथे फिरतो अशी श्रद्धा. पहाटे माथ्यावरून खाली पाहिलं तर विजेऱ्यांची रांग वळत वळत वर येत असते. जिप्सी नाही, कट्टा नाही, रेलिंग नाही.

सावनेरकर

तापीकाठचे, अस्तंभ्यावर वेगळा धागा काढाच.

नवखी

सगळं वाचलं. वडील सत्तरीचे आहेत, नवसाचा त्रिशूळ चौरागडला न्यायचाय. महाशिवरात्रीला जावं की आधी?

वऱ्हाडी गडी

ताई, शिवरात्रीची गर्दी त्यायले झेपणार नाई, पायरीवर बसालेबी जागा भेटत नाई. जानेवारीत न्या. उजाडलं का चढाले लागा, ऊन तापाच्या आत खाली या. त्रिशूळ तुमी घ्या, वरच्या दहा-वीस पायऱ्या राहिल्या का बाबाच्या हातात द्या.