मदत हवी आहे: एमआरआय रिपोर्टमध्ये 'बल्ज' लिहिलंय, म्हणजे गाठ आहे का?

पूर्वभागकर: वडिलांचा रिपोर्ट आलाय. त्यात 'डिफ्यूज डिस्क बल्ज' लिहिलंय. डिक्शनरीत बल्जचे अर्थ सूज, फुगवटा, फुगलेला भाग असे दिलेत. यातला कुठला धरायचा? डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. आई सकाळपासून रडतेय. नक्की माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

निशा_फिजिओ: मान की कंबर? वय? पाय दुखतो का?

होटगीरोड: माझ्या सासऱ्यांना हेच होतं. गोळ्या बंद केल्या, हाडवैद्याकडून कंबर मोकळी करून घेतली. आता टकाटक आहेत. पत्ता देऊ का?

निशा_फिजिओ: रिपोर्ट न वाचता कंबरेला झटका देऊ नका ओ! नस दबलेली असली तर महागात पडेल.

होटगीरोड: तुम्ही लोक आधी घाबरवता. आमचा अनुभव खोटा आहे का?

पूर्वभागकर: भांडू नका प्लीज. कंबर, एल४-एल५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका). वय ५८, यंत्रमागावर आहेत. डावा पाय पोटरीपर्यंत दुखतो.

निशा_फिजिओ: गाठ नाही, सूजही नाही. दोन मणक्यांमधली चकती कडेच्या बाहेर थोडी पसरलीय. घेराच्या पाव भागापेक्षा जास्त पसरली की बल्ज लिहितात, एकाच ठिकाणी बाहेर आली तर हर्निएशन. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय छापून आले होते, त्यातल्या ५२ टक्के लोकांना बल्ज निघाला. खाली 'नर्व्ह रूट कॉम्प्रेशन', म्हणजे नसेचं मूळ दबलंय असं, लिहिलंय का बघा.

इतिहासवेडा: बल्जचा आणखी एक वापर. १६ डिसेंबर १९४४ ला जर्मनांनी आर्डेन्सच्या जंगलात मुसंडी मारली, नकाशावर आघाडीची रेघ फुगली, म्हणून त्या लढाईला बॅटल ऑफ द बल्ज म्हणतात.

सम्या: माझ्या मोबाइलची बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललंय. चार्जिंगला लावू का?

इतिहासवेडा: अजिबात नको! आत गॅस झालाय. दाबू नको, टोचू नको, दुकानात दे.

टॉवेलवाले: मी स्वतः मागावर होतो. सुताने भरलेला बीम (मागाचा जड रूळ) उचलणं आधी बंद करायला सांगा त्यांना. मालक कुरकुरला तरी चालेल, कंबर परत मिळत नाही.

पूर्वभागकर: नर्व्ह रूटचं काही नाही. 'इंडेंटिंग थीकल सॅक' आहे. हे काय आता?

निशा_फिजिओ: नसांभोवतीच्या पिशवीला चकती टेकलीय. बल्जसोबत हे बऱ्याचदा लिहून येतं. पायाचे अंगठे जोर लावून वर उचलता येतात का? लघवी नीट होते? बसायची जागा बधिर? यातलं काही बिघडलं तर सोमवारची वाट बघू नका, सरळ सिव्हिलच्या इमर्जन्सीत न्या.

पूर्वभागकर: दोन्ही अंगठे उचलतात. बाकी सगळं नीट आहे. आईला वाचून दाखवलं. हाडवैद्याकडे नेणार नाही.

होटगीरोड: मर्जी तुमची. पत्ता व्यनि केलाय.

निशा_फिजिओ: सोमवारी फिल्म पण न्या, नुसता कागद नको.